माझ्या जांभईचा गुण

माझी अर्धशिशी डोक्यात सुरू होत नाही. ती जांभईत सुरू होते. डोकं दुखायच्या दोनेक तास आधी जांभया लागतात, एकामागून एक, जबडा निखळेल अशा. शाळेत फळ्याकडे तोंड करून देता येतात. घरात फळा नाही. मग डाव्या डोळ्यातून पाणी येतं, फक्त डाव्या. डावी नाकपुडी बंद होते. डावी पापणी दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशी खाली येते. अमरावतीच्या मे महिन्यात माझे तळहात गार पडतात, अंगावर काटा येतो, बसल्या जागी छातीत धडधडतं आणि खुर्चीवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मळमळ वेगळी. एवढं सगळं झाल्यावर डोकं दुखायला लागतं, आणि तोवर मी इतकी थकलेली असते की चला, निदान मुख्य कार्यक्रम सुरू झाला असं वाटतं.

हे महिन्यातले पंधरा-सोळा दिवस चालायचं.

मी नववीला विज्ञान शिकवते. त्यात स्वायत्त चेतासंस्था येते. हृदयाचे ठोके, घाम, अश्रू, लाळ, डोळ्याची बाहुली लहानमोठी होणं, म्हणजे शरीर आपल्याला न विचारता जी कामं उरकतं ती सगळी. मी हे एकोणीस वर्षं शिकवलं. यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो. हे माझ्याबद्दल चाललंय असं मला एकदाही सुचलं नाही.

घरात माझ्या डोक्याबद्दल मतं ठरलेली होती. सासूबाई म्हणायच्या, पित्त. नवरा म्हणायचा, पाणी पी. नवरा चांगला माणूस आहे. तो कुठल्याही संकटात पाणी पी म्हणतो, मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही म्हणाला होता. चौकातल्या डॉक्टरांनी नाक बंद पाहून सायनस ठरवला आणि वाफ घ्यायला सांगितली. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मेडिकलवाला मला पाहिलं की न विचारताच गोळ्यांची पट्टी काढून ठेवायचा. त्या काळात मला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस बहुतेक तोच.

मला हवं होतं फार थोडं. एक अंधारी खोली, दोन तास शांतता, आणि घरातल्या एका तरी माणसाने याला दुखणं म्हणावं. मी खिडक्या लावून पडले की सासूबाई दारातून म्हणायच्या, "डोकं तं सगळ्याइचंच दुखते व. आमी का पडून राहतो का?" आणि खिडकी उघडून जायच्या, हवा यावी म्हणून. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर दुखतं डोकं घेऊन भाकरी थापल्या होत्या आणि मीही थापाव्या असं त्यांचं म्हणणं होतं. मला राग यायचा. फार यायचा. पण रागावलं की डोकं आणखी ठणकतं, म्हणून तोही मी बेतानेच करायचे.

नजर उतरवायचं काम आमच्या गल्लीत सासूबाईंचं. सात वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर असतानाच समोरच्या घरची आजी आपली चार महिन्यांची नात घेऊन आली. पोर दुपारपासून रडत होती. मागे तिची आई उभी होती, या आजीची सून, चेहरा उतरलेला.

सासूबाईंनी प्लास्टरचा हात वर करून दाखवला आणि माझ्याकडे वळल्या. "तूच उतरव व आज. मी सांगतो तसं कर."

मी विज्ञानाची शिक्षिका आहे, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण तोंड उघडलं की जांभई येत होती.

मुठीत मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेतल्या आणि पोरीवरून सात वेळा उतरवल्या. आता ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नजर उतरवणारीला जांभया आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, की नजर लागलेली होती हे नक्की. जितक्या जांभया तितकी नजर जबर. मला दुसऱ्या फेऱ्याला पहिली जांभई आली. सातव्या फेऱ्यापर्यंत अकरा झाल्या, गल्लीतल्या जमलेल्या बायांनी मोजल्या. डावा डोळा हनुवटीपर्यंत वाहिला. हातावर काटा आला तो समोरच्या आजीने माझं मनगट धरून सगळ्यांना दाखवला.

मग मिरच्या शेगडीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर नजर होतीच होती, असा दुसरा नियम. शेगडीजवळ मी एकटीच होते, बाकीच्या अंगणाच्या फाटकाशी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. माझी डावी नाकपुडी बंद होती आणि उजवीही फारशी उत्साहात नव्हती. मी चार मिनिटं तोंड मिटून उभी राहिले, एकदाही खोकले नाही.

"बापा बापा! किती जबर नजर लागली होती लेकराले!" समोरची आजी म्हणाली. "मॅडमच्या हाताले गुण आहे."

पोर झोपली. चार तास रडल्यावर तिला तेवढंच करायचं शिल्लक होतं. हे कोणी बोललं नाही, मीही बोलले नाही.

आणि मग जे झालं त्यामुळे पुढची सहा वर्षं याच कामात गेली. सासूबाईंनी एका हाताने आमच्या खोलीच्या खिडक्या लावल्या. खिडकीवर जाड चादर टाकली. आपली सहाची मालिका बंद केली. "नजर अंगावर घेतली ना तिनं," त्या माझ्या नवऱ्याला बाहेर सांगत होत्या, "पडू दे तिले. कोनी बोलू नका." नवरा पाणी घेऊन आला होता, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मी अंधारात दोन तास पडले. लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं जी खोली मी डोकेदुखीसाठी मागत होते, ती नजरेसाठी मला पाच मिनिटांत मिळाली.

तेव्हा उठून खरं सांगायला हवं होतं. मी कूस बदलली आणि झोपले.

त्यानंतर माझं नाव झालं. लेकरं आली, नवीन गाड्या आल्या, कोचिंगला जाणारी आणि मार्क घसरलेली मुलं आली, एक म्हैस आली, ती फाटकातून आत येईना म्हणून मीच बाहेर गेले. परतवाड्याकडे फुलांची शेती करणाऱ्या एका बाईने व्हिडिओ कॉल करून झेंडूचं वावर दाखवलं आणि विचारलं, दुरून उतरते का. मला जांभई आली. ती समाधानाने "झालं, झालं" म्हणाली आणि फोन ठेवला. महिन्यातले सोळा दिवस मी दुखण्यातच असायचे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा माझा गुण बरोबर निघायचा. उरलेल्या दिवशी मी उपास आहे म्हणून सांगायचे.

याच काळात शाळेने वैज्ञानिक दृष्टिकोनावरचं भाषण माझ्याकडे सोपवलं. मी ते चांगलं केलं. मुलांना लिंबू-मिरचीचा समाचार घेऊन हसवलं. संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या पत्नी नातवाला घेऊन आमच्या घरी आल्या. सर स्कूटरवर बाहेरच थांबले होते आणि आमच्या नळाच्या मीटरकडे फार लक्ष देऊन बघत होते.

मला लाज वाटायची. पण अंधाऱ्या खोलीत पडल्यावर ती कमी वाटते, हे मी अनुभवाने सांगते.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शाळेतून दुपारी दोनला घरी आले ती फाटकापासूनच जांभया देत. ओसरीवर समोरची आजी बसलेली, शेजारी तिची सून. आणि सतरंजीवर ती नात, माझी पहिली पेशंट, आता सहा वर्षांची. पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. एरवी ती पोर आमच्या फाटकाला लटकून झोके घ्यायची.

"कालपासून पोट दुखून राहिलं तिचं," आजी म्हणाली. "ओकाऱ्या झाल्या. बेंबीले हिंग लावला, ओवा देल्ला. सकायपासून तुमचीच वाट पाहून राहिलो मॅडम."

सकाळपासून. मी सात वाजता शाळेत गेले होते. म्हणजे सात तास ही पोर माझ्या जांभईची वाट बघत पडली होती.

मी तिच्या कपाळाला हात लावला. माझा हात बर्फासारखा होता, तरी ती "हात काढू नका" म्हणाली, इतकी तापली होती. पोटाला उजवीकडे खाली जरा बोट टेकवलं तर तिने माझं बोट पकडलं आणि रडलीसुद्धा नाही. नुसती पकडून राहिली. मी डॉक्टर नाही. पण न रडणारं लेकरू मला आवडलं नाही.

"हिला आत्ता दवाखान्यात न्या," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"नेतो ना," आजी म्हणाली. "पयले उतरवा. नजर असंन तं रातभरात उतरते. तिचा बाप धामणगावाहून सांजच्याले येते, उद्या सकायी नेऊ."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, कारण तेरा वर्षं मीही तसंच बघत आले होते.

वाद घालायला वेळ नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर आजी पोरीला उचलून दुसऱ्या कोणाकडे घेऊन गेली असती, आणि जांभया काय, कोणालाही येतात. सगळ्यात जवळचा रस्ता एकच होता. नजर उतरवायची आणि जांभई द्यायची नाही.

मी मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या. पदराने डावा गाल झाकला आणि डावी बाजू भिंतीकडे केली. पहिल्या फेऱ्यालाच जांभई आली. ती मी दातांखाली धरली.

जांभई दाबणं म्हणजे काय ते मी सांगू शकते, कारण त्या दुपारी मी सात फेऱ्यांत किमान पंधरा दाबल्या. जबडा आतून उघडायला बघतो आणि तुम्ही बाहेरून बंद ठेवता. कानात फट्ट होतं. गळा दुखतो. नाकाने श्वास घ्यावा तर नाक बंद. तोंड उघडावं तर संपलं. नववीच्या पुस्तकात ज्या संस्थेला आपली परवानगी लागत नाही असं मी एकोणीस वर्षं सांगत आले, तिला मी हात जोडत होते की एवढी दोन मिनिटं थांब. ती थांबली नाही. डोळ्याचं पाणी पदर भिजवून मानेवर उतरलं. चौथ्या फेऱ्याला पायाखालची ओसरी हलली, तेव्हा मी खांबाला टेकले.

सासूबाई पाटावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझा गाल पाहिला, भिजलेला पदर पाहिला, दाबलेले ओठ पाहिले. त्यांना नजर उतरवायचा चाळीस वर्षांचा अनुभव. मला वाटलं, आता या बोलणार.

मिरच्या शेगडीत टाकल्या. मला वासच आला नाही. मी मोठ्याने खोकले. आयुष्यात इतका खोटा खोकला मी कधी काढला नाही, शाळेच्या तपासणीतही नाही.

"नजर नाही," मी म्हणाले. दात आवळलेलेच होते.

आजी सासूबाईंकडे वळली. "काय व बाई? खरंच नाई?"

सासूबाई पाटावरून उठल्या. "एक जांभई तरी आली का तिले? ठसका लागला ना? मंग? उठा लवकर. ऑटो बोलवा. मी चालतो संगं."

पाच मिनिटांत ऑटो आला. सुनेने पोरीला उचललं आणि आजीच्या अगोदर जाऊन बसली. ऑटो वळला आणि मी तोंड उघडलं. अडवलेल्या सगळ्या जांभया आल्या, मग मोरीपाशी उलटी झाली, मग मी तिथेच थंड फरशीवर बसले. घरी कोणी नव्हतं. खिडक्या मीच लावल्या.

अपेंडिक्स होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, रात्र काढली असती तर फुटलं असतं. हे मला सासूबाईंनी येऊन सांगितलं. सांगून झाल्यावर त्या माझ्या पायथ्याशी बसल्या.

"काहून दाबल्या व तू जांभया?"

मी म्हणाले, "आई, त्या नजरेच्या नव्हत्याच कधी. ते माझं दुखणं आहे. आधी जांभया येतात, मग डोकं दुखतं. सहा वर्षं मी तुमच्याशी खोटं वागले. ती पोर आज माझ्यापायी मेली असती."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, संपलं. आता खोलीही गेली आणि विश्वासही गेला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. ते रडणंही नीट जमलं नाही, डोकं फार दुखत होतं.

गल्लीत माझं नाव त्यानंतर खाली जायला हवं होतं. ते वर गेलं. "मॅडम नाही म्हनते तं तेबी खरं निंघते," असं समोरची आजी सांगत सुटली. आता लोक ताप आला की मला विचारायला यायचे, हे नजरेचं की डॉक्टरचं. मी दर वेळी जांभई दाबून डॉक्टरचं म्हणून सांगायचे. इतका अचूक अंदाज माझा पूर्वी कधी नव्हता. खोली मात्र आता मिळत नव्हती, कारण नजर नाही तर अंगावर घेतलं काय?

असे तीनेक आठवडे गेले. एका रविवारी दुपारी मी पडले होते. डोळे मिटलेले, डावी पापणी तर मिटायचीही गरज नव्हती. खिडकी उघडीच होती. सासूबाई आत आल्याचं पावलांवरून कळलं. मला झोप लागली असं त्यांना वाटलं असावं. माझ्या अंगावरून काहीतरी फिरायला लागलं आणि मोहरीचे दोन दाणे गळ्यावर पडले.

त्या माझी नजर उतरवत होत्या.

मी हलले नाही. सात फेरे झाले. मग त्या थांबल्या. स्वतःला जांभई येते का याची वाट बघत होत्या हे मला कळत होतं. बराच वेळ काही आलं नाही. त्यांनी पुन्हा सात फेरे केले, जरा सावकाश. पुन्हा थांबल्या. नंतर स्वयंपाकघरातून मिरच्यांचा वास आला आणि त्या खोकल्या, चांगल्या दोन मिनिटं खोकल्या.

परत येऊन त्यांनी खिडकी लावली. चादर टाकली. आणि अंधारात म्हणाल्या, "तुले नजर नाही व. दुखनं आहे. आपन अकोल्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

अमरावतीच्या माणसाला अकोल्याचा डॉक्टर भरवशाचा वाटतो. अकोल्याच्या माणसाला नागपूरचा वाटतो. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. नवऱ्याने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत त्यांनी खिडकीवर पदर ताणून धरला, ऊन माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मागच्या सीटवरच्या माणसाने हवा अडते म्हणून तक्रार केली. "माही सून बिमार आहे," त्या म्हणाल्या. बिमार. मी हा शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला.

डॉक्टर न्यूरॉलॉजिस्ट होते, तरुण होते आणि खालच्या आवाजात बोलायचे, त्यासाठीच मी त्यांना अर्धे मार्क देऊन टाकले. त्यांनी विचारलं, डोकं दुखायच्या आधी किंवा दुखताना आणखी काय काय होतं?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सुरू झाल्या. "पयले जांभया. दोन घंटे आधी. मंग डाव्या डोयातून पानी, उजव्यातून नाही. डावं नाक बंद. डावी पापनी खाली येते. घाम येते तो बी डाव्या कपायाले. हात थंडे पडते. अंगावर काटा येते. उठली का भोवळ येते, मंग थे दाराले धरते. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस. लग्न होऊन आली तवापासून पाहून राहिलो मी."

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग सांगितलं की ही जुनाट अर्धशिशी आहे, आणि बाकीचं सगळं त्याच दुखण्याचा भाग आहे, स्वायत्त चेतासंस्थेचं. वेगळं काही नाही, सोंग तर नाहीच. गोळ्या रोज घ्यायच्या, मेडिकलच्या पट्ट्या बंद करायच्या.

मी ऐकत होते, पण माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. एकोणीस वर्षं, डावं-उजवं सुद्धा. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी मान वर केली आणि विचारलं, "आत्ता दुखतंय का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा आपल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागदावर डावा डोळा असं लिहिलं होतं, आणि माझे दोन्ही वाहत होते.